कार्डाची मागची बाजू

सोमवार, सहा नोव्हेंबर २००६. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सदाशिव पेठेतल्या बालाघाट वधू-वर सूचक केंद्राचा फोन वाजला. पलीकडे सांगवीचे महिपती शेळके होते. केंद्राच्या नव्या वेबसाइटवर आपल्या मुलाच्या माहितीखाली ‘मुलगा चांगला. बैठकीत वडिलांना बोलू देऊ नये’ हे वाक्य कोणी आणि कोणत्या अधिकारानं घातलं, असं त्यांनी विचारलं. उत्तराला वाव न ठेवता ते अठरा मिनिटं बोलले.

फोन केंद्राचं काम बघणाऱ्या कौशल्याबाईंनी घेतला होता. वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. कार्ड क्रमांक २१७, मागची बाजू, शिसपेन्सिल. ते तिथंच राहायला हवं होतं.

केंद्र उत्तरेश्वर माळवदे यांचं. कळंबच्या जिल्हा परिषद शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, मुलाच्या मागे पुण्याला आले आणि वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की लातूर, बीड, उस्मानाबादकडची पोरं इथं नोकरीला रीघ लावून येतायत, पण त्यांची लग्नं जमत नाहीत. इथली माणसं मुलगी देत नव्हती, कारण पोरांची ओळखपाळख नव्हती. गावाकडची देत नव्हती, कारण पोरगं पुण्यात नेमकं काय करतं ते कोणाला दिसत नव्हतं. मधला माणूस हवा होता. १९९४ साली सरांनी पहिल्या मजल्यावरची एक खोली घेतली, जाड कार्डं छापून आणली आणि मधला माणूस झाले.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शाईनं नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. ही बाजू घरच्यांनी सांगितलेली. मागची बाजू सरांची. कार्ड भरून झालं की सर एसटीनं त्या गावी जायचे. शेजाऱ्यांकडे, किराणा दुकानात, शाळेतल्या जुन्या मास्तरांकडे, न्हाव्याकडे बसायचे. परत आले की मागे पेन्सिलीनं शेरा लिहायचे आणि खाली तारीख घालायचे. प्रगतिपुस्तकांची सवय असल्यामुळे दोन-तीन वाक्यांच्या पुढे जात नसत. पेन्सिल यासाठी की माणूस सुधारला तर खोडता यावं. बारा वर्षांत खोडरबर तीनदा लागलं होतं.

मागची बाजू कोणाला दाखवायची नाही, हा केंद्राचा पहिला नियम. पालक आले की कौशल्याबाई कार्ड टेबलावर उताणं ठेवत आणि वर काचेचा पेपरवेट. पालक विचारायचे, स्थळ कसं आहे? सर मागची बाजू मनात धरून ‘बघायला हरकत नाही’ किंवा ‘घाई करू नका’ यांपैकी एक म्हणायचे. तेवढ्यावर आजवर दोनशेवर लग्नं झाली होती. चारशे बारा कार्डांपैकी चारशे अकरांच्या दोन्ही बाजू कौशल्याबाईंना पाठ होत्या. उरलेलं कार्ड त्यांच्या मुलीचं, नम्रताचं. ते सरांच्या खणात असे. आपल्या घरच्या माणसाचं कार्ड आपण हाताळायचं नाही, हा नियम दुसरा.

वेबसाइट खरं तर सरांना नको होती. पण दोन-तीन वर्षांत येणारी पोरं बदलली. ती खुर्चीच्या काठावर टेकायची, ‘सर, ऑनलाइन नाहीये का?’ विचारायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. मोठ्या साइटवर वय, उंची आणि पगार टाकला की हवी तशी स्थळं चाळून मिळतात, असं त्यांचं म्हणणं. ‘खडा बारीक असला की तोही चाळणीतून जातो,’ सर म्हणाले, आणि महिन्याभरानं कबूल झाले.

काम वारज्याच्या ऋषीला मिळालं. ऋषीचे आजोबा सर्जेराव यांच्या रानातून आधी बायपास गेला आणि उरलेल्या रानावर बिल्डर आला. त्यातून जी इमारत उभी राहिली तिच्या तळमजल्यावर नातवानं चार कॉम्प्युटर टाकले होते. नातवाचा धंदा कोणता असं विचारलं तर सर्जेराव सांगत, ‘बसून असतंय दिवसभर, पण काम हाय म्हनं.’

कार्डांचे गठ्ठे देताना सरांनी ऋषीला समोर उभं करून बजावलं होतं. कार्डावर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, काना-मात्रा-स्वल्पविरामासकट. स्वतःची अक्कल चालवायची नाही. छत्तीस वर्षं ते मुलांना हेच सांगत आले होते आणि एकानंही ते ऐकलं नव्हतं. ऋषीकडच्या टायपिस्ट मुलींनी ऐकलं. त्यांनी कार्डं दोन्ही बाजूंनी उतरवली. पुढच्या बाजूला ‘माहिती’ असा मथळा दिला, मागच्या बाजूला ‘शेरा’; आणि शेरा खुद्द सरांच्या अक्षरातला, म्हणून तो ठळक टाइपात.

तुळशीचं लग्न लागलं त्या आठवड्यात, शुक्रवारी, कार्डं परत आली आणि साइट सुरू झाली. सरांनी पहिलं पान पाहिलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि खालचं काही पाहिलं नाही, कारण पान खाली सरकवता येतं हे त्यांना माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारी एकपर्यंत तेवीस फोन आले. ‘पगार सांगतो तो खरा. उंची सांगतो ती बुटांसकट’ या शेऱ्याबद्दल एका इंजिनिअरनं वकिलाचं नाव घेतलं. ‘कुटुंब मोठे. प्रत्येकाला मत आहे’ या शेऱ्याबद्दल एकाच घरातून चौघांचे वेगवेगळे फोन आले. कौशल्याबाई प्रत्येकाला सांगत होत्या की तांत्रिक चूक झाली आहे, आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल. ती होणार नव्हती. साइटचा पासवर्ड ऋषीकडे होता, ऋषी आजी तुळजाबाईंना घेऊन तुळजापूरला गेला होता, आणि त्याचा मोबाइल रविवारी सकाळी कल्लोळ तीर्थात पडला होता. हे वारज्याच्या टायपिस्ट मुलीनं कळवलं. दादा गुरुवारी येतील, म्हणाली.

तेविसाव्या फोनच्या सुमारास कौशल्याबाईंना दुसराच हिशेब सुचला. ऋषीकडे चारशे बारा कार्डं गेली होती. म्हणजे सरांच्या खणातलंही गेलं होतं.

नम्रता अठ्ठावीस वर्षांची, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत. वडील ती दहावीत असताना गेले. मायलेकी विश्रांतवाडीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत. चार वर्षांत तिच्यासाठी अकरा स्थळं आली आणि अकराही जमली नाहीत. कौशल्याबाईंना त्याचं वाईट वाटे, पण इलाज नव्हता. एक मुलगा बंगळूरला, म्हणजे फारच लांब. एक हडपसरला, तेही विश्रांतवाडीहून जवळ म्हणता येत नाही. एकाच्या चुलत्याची दोन लग्नं. एकाकडे नळाला दिवसाआड पाणी. एकाला हसताना आवाज येत नव्हता. चांगलं स्थळ हाताशी असताना माणसं सोडतात, असं कौशल्याबाईंनी केंद्रात खूप पाहिलं होतं. आपण तसं केलेलं नाही, याबद्दल त्यांना खात्री होती.

बारावं स्थळ लातूरच्या बहिणीनं आणलं होतं. सुदर्शन, गाव औसा तालुक्यातलं बोरगाव, नोकरी मगरपट्ट्यात. कौशल्याबाईंनी रीतसर त्याचंही कार्ड करायला लावलं. क्रमांक ४१२, मागची बाजू कोरी, चौकशी व्हायची होती. रविवारी चार वाजता ते लोक घरी बघायला येणार होते. सुदर्शनमध्ये अजून काही निघालं नव्हतं, पण रविवारला वेळ होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी केंद्रातल्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. सर समोर बसले होते. डबा तसाच ठेवून त्या टिळक रोडकडच्या सायबर कॅफेत गेल्या, वहीत नाव-पत्ता लिहिला आणि स्पर्धा परीक्षेच्या दोन मुलांच्या मधल्या खुर्चीत बसल्या. क्रमांक १८८. नम्रताची माहिती बरोबर होती. उंचीही बरोबर. खाली ठळक अक्षरांत होतं:

‘मुलगी गुणी. आईला मुलीचे लग्न करायचे नाही. स्थळे वाया घालवू नयेत. १४.८.२००४.’

कौशल्याबाईंनी ते तीनदा वाचलं. मग मनात मोजणी केली. ऑगस्ट २००४ च्या आधी नऊ स्थळं आली होती, नंतर दोन. अलीकडे चांगली मुलंच राहिली नाहीत, असं त्या दोन वर्षं शेजारणींना सांगत होत्या.

परत आल्यावर त्यांनी डबा उघडला नाही. सरांनी चहा मागवला, एक कप त्यांच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. सरांना कळलं होतं की यांना कळलंय. दोघांनी चहा घेतला. सव्वादोनला फोन पुन्हा सुरू झाले.

मंगळवारी फोनची जात बदलली. पहिला फोन बिबवेवाडीहून आला. आपल्या मुलीच्या खाली शेराच नाही, ही काय भानगड आहे, असं एक बाई विचारत होत्या. कार्ड नवं आहे, चौकशी व्हायचीय, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या की लोकांना ते कसं कळणार, लोकांना वाटतं लिहिण्यासारखं नाही म्हणून कोरं ठेवलंय. असे नऊ फोन आले. बुधवारी दहा-बारा लोक जिना चढून वर आले. त्यांना नाव नोंदवायचं होतं आणि शेरा लगेच हवा होता. कोथरूडहून आलेल्या एका गृहस्थांनी स्वतःच शेरा लिहून आणला होता. सरांनी तो वाचला, त्यातली तीन विशेषणं तांबड्या पेननं कापली आणि परत दिला.

महिपती शेळक्यांचाही फोन आला. कौशल्याबाईंनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. पण शेळक्यांचा आवाज उतरलेला होता. दोन दिवसांत मुलाला चार स्थळं सांगून आली होती. चौघांनीही म्हटलं होतं की मुलगा चांगला आहे हे लिहिणाऱ्यानं बापाबद्दलही खरं लिहिलंय, म्हणजे मुलाबद्दलचंही खरं असणार. ‘ते वाक्य राहू द्या,’ शेळके म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. कॉल पंचेचाळीस सेकंदांचा होता.

मोठ्या साइटवर सगळेच गोरे, सुस्वभावी आणि उच्चशिक्षित होते. तिथं बसून कंटाळलेल्या माणसांना बालाघाटच्या पानावर पहिल्यांदा माणसं दिसली. कोणीतरी त्यातले वीस शेरे निवडले, नावं गाळली आणि मेल तयार केली. ‘पत्रिकेत मंगळ नाही, स्वभावात आहे’ हा पहिला होता. ‘मुलगा अमेरिकेत आहे असे म्हणतात, पत्र आलेले कोणी पाहिलेले नाही’ हा चौथा. मेल मगरपट्ट्यातून निघाली, खराडीला गेली, तिथून बंगळूरला, आणि बुधवारी दुपारी साडेतीनला हिंजवडीत पोचली.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला नम्रता कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली. हातपाय धुतले. ताट घेऊन बसली. भाकरीचा पहिला तुकडा मोडून म्हणाली,

‘आई, चौदा नंबर आपण आहोत.’

कौशल्याबाईंनी भाजीचं पातेलं पुढे केलं.

‘ऑफिसात सगळ्यांनी मोठ्यानं वाचली ती मेल. चौदा नंबरला सगळ्यात जास्त हसले. मीपण हसले. मग साइटवर जाऊन पाहिलं.’

‘सरांना काय कळतंय घरातलं.’

‘दहीभात चमच्यानं खातो म्हणून तू एकाला नाही म्हणालीस.’

‘नुसता दहीभात नव्हता तो.’

‘मग?’

‘वरणभातपण,’ कौशल्याबाई म्हणाल्या.

नम्रता हसली नाही. तिनं भाजी संपवली. मग सांगितलं, की कारणं तिला सगळी पाठ आहेत. प्रत्येक वेळी तिला वाटायचं आई एवढं बघतेय म्हणजे बरोबरच असेल, आई तर याच लाइनमध्ये आहे. आज तिला पहिल्यांदा वाटलं की त्या अकरांतले निदान तिघे बरे होते. एकाला तर ऑर्कुटवर जाऊन पाहिलं. त्याला दोन मुलं आहेत.

‘तुला मी जायला नकोय का?’ तिनं विचारलं. ‘तसं सांग. मी तसं ठरवीन. पण दरवेळी त्या बिचाऱ्यांच्यात काहीतरी काढू नकोस.’

कौशल्याबाईंनी पाण्याचा तांब्या भरून आणला. तो भरलेलाच होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या की सुदर्शनमध्ये आपण काही काढलेलं नाही. नम्रता म्हणाली, ‘अजून बुधवारच आहे.’

गुरुवारी सकाळी सुदर्शनच्या आईचा बोरगावहून फोन आला. आवाज मऊ होता आणि अट कडक. त्यांनी साइट पाहिली होती. म्हणजे भाच्यानं औशाला कॅफेत नेऊन दाखवली होती. मुलीखालचा शेरा वाचला. त्याचं त्यांना काही नव्हतं. ‘आई हाय, वाटनारच,’ त्या म्हणाल्या. पण सुदर्शनच्या खाली कोरं होतं. गावात चार लोक विचारत होते की काय दडवलंय. आधी शेरा टाका, मग बघायला येऊ. रविवार रद्द, शेरा आला तर पुढचा रविवार.

त्याच दिवशी दुपारी ऋषी तुळजापूरचा प्रसाद घेऊन केंद्रात हजर झाला. सरांनी त्याला उभंच ठेवलं. ऋषी म्हणाला, ‘सर, तुम्हीच म्हणालात ना, जसंच्या तसं. मी मुलींना तसंच सांगितलं. आता दोन मिनिटांत सगळं डिलीट करतो, काही इश्यू नाही.’

सरांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर नव्या नोंदणीचे एकसष्ट अर्ज होते, आणि प्रत्येकाच्या अपेक्षांच्या रकान्यात शेवटी ‘शेरा मिळावा’ असं लिहिलेलं होतं. बारा वर्षांत केंद्रात एका आठवड्यात कधी सातच्या वर नोंदणी झाली नव्हती. शेवटी सर म्हणाले की डिलीट नको, ज्यांची लेखी तक्रार आहे तेवढे काढ. तक्रारी मोजल्या. सोमवारी फोन करणाऱ्यांपैकी लेखी द्यायला फक्त दोघे आले होते, आणि त्यातल्या एकानं सकाळी कागद परत नेला होता.

ऋषी गेल्यावर सरांनी खणातून कार्ड क्रमांक १८८ काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

‘कौशल्याबाई, हे मी दोन वर्षांपूर्वी लिहिलंय. चुकलं असेल तर सांगा. खोडून टाकतो, तिथलंही काढायला लावतो.’

‘मला दाखवायला हवं होतं तुम्ही.’

‘पहिला नियम,’ सर म्हणाले.

‘अकरा वर्षं समोर बसतेय मी तुमच्या.’

‘म्हणूनच चौकशीला कुठं जावं लागलं नाही.’

कौशल्याबाईंनी कार्डाकडे पाहिलं. पेन्सिल जराही पुसट झालेली नव्हती. चुकलंय, एवढा एक शब्द म्हटला की काम होणार होतं. त्यांनी विचारलं, ‘तिथं खोडलं की खूण राहते का?’

‘ऋषी म्हणतो काहीच राहत नाही. होतं हेसुद्धा कळत नाही.’ सरांना ही गोष्ट पटलेली दिसत नव्हती.

‘मग राहू द्या सध्या,’ कौशल्याबाई म्हणाल्या. कार्ड त्यांनी स्वतः उचललं नाही. सरांनीच खणात ठेवलं.

उरला सुदर्शनचा शेरा. सरांचे गुडघे आणि एकसष्ट अर्ज, दोन्ही त्यांना पुण्यात बसवून होते. ते म्हणाले, बोरगावला तुम्ही जा. कौशल्याबाईंनी दुसऱ्या नियमाची आठवण करून दिली. सर म्हणाले की सोयरीक अजून झालेली नाही, तेव्हा सुदर्शन आज तरी परका आहे. नियम मोडत नाही. मग चष्मा पुसत म्हणाले,

‘दिसेल ते आणा. जास्त नको, कमी नको. तुमच्या शब्दावर जाईल ते, मी बदलणार नाही.’

हा विश्वास होता की परीक्षा, ते कौशल्याबाईंना कळलं नाही. मास्तरांच्या बाबतीत ते कळत नाही. नम्रताला त्यांनी रात्रीच्या जेवणात सांगितलं. ती म्हणाली, ‘जा. मोबाइल चार्ज करून ने.’

मंगळवारी चौदा तारखेला पहाटेच्या गाडीनं निघून त्या दुपारी लातूरला बहिणीकडे पोचल्या. बुधवारी सकाळी आठ वाजता बोरगावात उतरल्या. चौकशी कशी करायची ते सरांकडून ऐकून ऐकून पाठ होतं. मुलाचं नाव आधी घ्यायचं नाही. पाऊसपाण्यावर बोलायचं. दुसऱ्या कोणाची तरी निंदा करून बघायची. समोरचा माणूस निंदेला कसा उत्तर देतो त्यावरून गावाचा अंदाज येतो.

यातलं काहीही चाललं नाही. कचरू वाण्याच्या दुकानात त्यांनी पावसाचं म्हणताच कचरूनं तराजू खाली ठेवला. ‘पुन्याच्या शेरेवाल्या बाई तुमीच का?’ त्यानं विचारलं. सुदर्शनच्या घरचं त्याच्याकडे उधार नाही, कधी नव्हतं, आणि पोरगं निर्व्यसनी आहे, असं त्यानं एका दमात सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, ‘झालं का लिहून?’ कौशल्याबाईंच्या हातात वही नव्हती. शेजारच्या दिगंबररावांनी कुटुंब प्रतिष्ठित असल्याचं सांगितलं आणि आपलं नाव शेवटी घालायला हरकत नाही, असंही. न्हाव्यानं मुलगा सुस्वभावी असल्याचं सांगितलं. हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वापरला असावा, कारण तो त्यानं तीन तुकड्यांत म्हटला. बारा वर्षं सरांनी लोकांच्या बोलण्यातून जे वेचलं होतं ते आता छापलं जातं, हे बोरगावला कळलं होतं, आणि बोरगाव छापण्याजोगं बोलत होतं.

दहा वाजेपर्यंत त्यांच्याकडे शेरा होता, पण तो मोठ्या साइटवरच्या माहितीसारखा होता. दोष एकही नाही. कौशल्याबाईंच्या मनात आलं की हेच लिहून द्यावं. बारावं स्थळ, निर्दोष. नम्रतानं पाहिलं असतं, सरांनी पाहिलं असतं.

शेवटी त्या दशरथ गुरुजींकडे गेल्या. गुरुजी सुदर्शनचे चौथीचे मास्तर, आता ऐंशीच्या घरात, अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. साइट वगैरे त्यांच्या कानावर नव्हतं. त्यांनी कौशल्याबाईंपुढे मूठभर शेंगा ठेवल्या आणि बोलता बोलता त्याही सोलू लागल्या. पोरगं चांगलं, गुरुजी म्हणाले. हिशेबात पक्कं, बोलण्यात कच्चं. दर दिवाळीला येऊन पाया पडतं. याही दिवाळीला आलं होतं.

‘दोन तास बसलं इथं. त्याला कंपनी अमेरिकेला धाडणार हाय. फेब्रुवारीत. दोन वर्षं म्हनतेत, पन कोन दोन वर्षांत येतंय? आईला सांगायचा धीर होईना त्याला. लगीन झाल्यावर सांगतो म्हनला.’ त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. ‘तुमी जानत्या दिसताव म्हनून बोललो. कुठं बोलू नका.’

कौशल्याबाईंनी हातातली शेंग सोलून पुरी केली. तिच्यात चार दाणे होते.

लातूरला परत येईपर्यंत त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. ही गोष्ट खरी होती, आणि मुलीकडच्यांना कळायलाच हवी अशी होती. दुसरी कोणतीही मुलगी असती तर त्यांनी बेलाशक सरांना सांगितली असती. पण सांगणार कौशल्याबाई. बंगळूर लांब, हडपसर लांब, आणि आता अमेरिका लांब. नम्रता ती ओळ वाचेल तेव्हा ती सुदर्शनबद्दल वाचणार नाही, आईबद्दल वाचेल. आणि बोरगावात ती ओळ सुदर्शनच्या आईला औशाच्या कॅफेतून भाचा वाचून दाखवील. न लिहावी, तर मुलगी फेब्रुवारीत विमानात बसेल आणि आईला आधीपासून ठाऊक होतं हे तिला कधीतरी कळेलच. शिवाय तिला अमेरिका आवडणारही असेल. हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

दुपारी साडेबाराला लातूर–पुणे गाडी सुटली. त्यांना खिडकी मिळाली. मुरूडच्या आसपास सरांचा फोन आला. ऋषी केंद्रात येऊन बसलाय, तुम्ही सांगितलं की तो लगेच टाइप करील, बोरगावहून सकाळपासून दोनदा विचारणा झाली, असं सर म्हणाले. कौशल्याबाईंनी सांगितलं की गाडीत आवाज फार आहे, आल्यावर सांगते. गाडी तेव्हा थांब्यावर उभी होती.

बार्शीला नम्रताचा मेसेज आला. रोमन लिपीत दोन शब्द: काय कळलं.

मेसेजला उत्तर कसं द्यायचं ते नम्रतानं त्यांना दिवाळीत शिकवलं होतं. त्यांनी मोबाइल पर्समध्ये ठेवला, मग पुन्हा बाहेर काढला. शेजारच्या बाईनं विचारलं, पुण्यात कुठं राहता, लेकरं किती? एक मुलगी, कौशल्याबाई म्हणाल्या. लग्न झालं का? बघतोय, कौशल्याबाई म्हणाल्या.

साडेपाचच्या सुमारास गाडी टेंभुर्णीच्या स्थानकात दहा मिनिटं थांबली. साइटवर क्रमांक ४१२ च्या खाली शेऱ्याची जागा तोवर कोरी होती. नम्रताच्या मेसेजला उत्तर गेलेलं नव्हतं.